रोजचं जेल, रोजचा ड्रायर : पुरुषांच्या केसांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळचे प्रश्न पुरुषांच्या केसांचे आहेत. रोज सकाळी आरशासमोर आपण जे करतो त्यामुळेच केस चाललेत का, ही शंका जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. उत्तर मात्र प्रत्येकाचं वेगळं निघतं.

प्रश्न : वय २६. कॉलेजात असल्यापासून रोज जेल लावतो. गेल्या वर्षभरात कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरचे केस मागे सरकले आहेत. चार महिन्यांपूर्वी जेल पूर्ण बंद केलं, तरी फरक नाही. जेलमुळे मुळं कायमची खराब झाली असतील का?

नाही. केसाचं मूळ त्वचेखाली तीन-चार मिलिमीटर खोल असतं आणि त्याचं पोषण रक्तातून होतं. वर लावलेलं जेल तिथवर पोचून मूळ मारत नाही. शिवाय असं बघा : जेल तुम्ही सगळ्या डोक्याला लावत होतात, पण केस गेले ते फक्त कपाळाच्या कोपऱ्यांवरचे. मागचे आणि कानांवरचे जसेच्या तसे आहेत. हा नमुना आनुवंशिक पुरुषी टकलाचा आहे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक तयार होतं. कोपऱ्यांवरची आणि माथ्यावरची मुळं त्याला संवेदनशील असतात. जुना केस पडून नवा येण्याच्या दर फेरीत तिथला केस आधीपेक्षा बारीक, आखूड आणि कमी दिवस टिकणारा उगवतो. मागच्या बाजूची मुळं त्याला दाद देत नाहीत.

खात्री करायची असेल तर तीन-चार दिवस विंचरताना आणि धुताना पडलेले केस पांढऱ्या कागदावर ठेवा आणि भिंगातून त्यांची दोन्ही टोकं बघा. एका टोकाला बारीक पांढरा गोळा असेल तर तो केस मुळातून, आपली मुदत संपवून पडला. असे दिवसाला ५० ते १०० केस पडणं नेहमीचं आहे. गोळा नाही, नुसते तुकडे आहेत, तर केस मधूनच तुटतोय आणि दोष केशरचनेत शोधायचा. तिसरी खूण लोक सहसा बघत नाहीत : केस आखूड आणि बारीक आहे, मुळाशी गोळा आहे आणि दुसरं टोक कात्रीने कापल्यासारखं सपाट न राहता निमुळतं आहे. म्हणजे तो कापण्याएवढा वाढलाच नाही, त्याआधीच पडला. असे केस बरेच दिसले तर मुळं आकसत चालली आहेत.

तुमच्या बाबतीत आम्हाला काळजी वाटते ती जेलला दोष देण्यात गेलेल्या चार महिन्यांची. या प्रकारात उपचार जितका लवकर, तितके जास्त केस टिकतात. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. पुरुषांसाठी ५ टक्क्यांचं मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं औषध सर्वसाधारणपणे दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी १ मिलिलिटर लावलं जातं. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात आणि नेमके तिथेच बरेच जण ते सोडून देतात. जुने विश्रांतीतले केस नव्यांना जागा देत असतात म्हणून ते होतं. फरक दिसायला किमान चार महिने लागतात आणि थांबवल्यावर मिळालेला फायदा काही महिन्यांत जातो. डीएचटी कमी करणाऱ्या फिनास्टेराइडच्या १ मिलिग्रॅमच्या गोळ्या डॉक्टरांशी लैंगिक दुष्परिणामांबद्दल स्पष्ट बोलूनच सुरू कराव्यात.

जेल हवं तर पुन्हा सुरू करा. विरळ होत चाललेल्या केसांना घट्ट, ओलसर दिसणारं जेल शोभत नाही, कारण केसांचे गुच्छ होतात आणि मधली त्वचा उघडी दिसते. चकाकी नसलेली क्ले, म्हणजे केस बसवायची मातकट पेस्ट, बरी.

प्रश्न : केस पाच-सहा सेंटिमीटर लांब आहेत. रोज आंघोळीनंतर ड्रायरने वर उचलून बसवतो, कधी स्ट्रेटनरही फिरवतो. हल्ली टोकं काथ्यासारखी झाली आहेत आणि उजेडात बारीक पांढरे ठिपके दिसतात. ड्रायर सोडायलाच हवा का?

सोडायला नको, वापरायची पद्धत बदलायला हवी. पांढरे ठिपके महत्त्वाचे आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.

केसाचं बाहेरचं आवरण म्हणजे एकावर एक बसवलेल्या कौलांसारखे पारदर्शक खवल्यांचे थर असतात. आत प्रथिनांचा गाभा. ओल्या केसाच्या गाभ्यात पाणी मुरलेलं असतं. त्यावर एकदम खूप गरम हवा किंवा तापलेली पट्टी आली की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि गाभ्यात बुडबुडे तयार होतात. तिथे केस फुगतो, कमकुवत होतो आणि वाकवला की तुटतो. दुसरीकडे, खवले उडून गाभ्याचे धागे ब्रशसारखे पिंजारले गेले तरी तिथे पांढरा ठिपका दिसतो. दोन्हींवर उपाय एकच, तो भाग कापून टाकणं. दुभंगलेलं टोक कायमचं जोडणारं कोणतंही सीरम नाही. ते काही दिवस चिकटवून ठेवतं, एवढंच.

यात तुमच्या बाजूची एक गोष्ट आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या केसाचं टोक फक्त सहा महिने जुनं आहे. दोनदा-तीनदा नीट कापून घेतलंत आणि सवय बदललीत की खराब झालेला बहुतेक भाग निघून जाईल.

आता पद्धत. टॉवेलने घासू नका. सुती टी-शर्ट किंवा मऊ टॉवेल केसांवर दाबून पाणी टिपा. नंतर पाच-दहा मिनिटं तसेच राहू द्या, केस दमट वाटेपर्यंत. उष्णतेपासून संरक्षण देणारं क्रीम मटारच्या दाण्याएवढं तळव्यांवर चोळून, मुळं सोडून लावा. ड्रायर मध्यम तापमानावर, केसांपासून सुमारे १५ सेंटिमीटर दूर धरा आणि हलता ठेवा. एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नको. हवेचा झोत मुळाकडून टोकाकडे जायला हवा. उलट मारला तर खवले उभे राहतात आणि केस राठ वाटतो. केस उभे राहावेत म्हणून मुळापाशी बोटांनी उचलून धरा. केस कोरडे झाले की शेवटचं अर्धं मिनिट गार हवा द्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात. केसाला आकार देणारे हायड्रोजन बंध पाण्याने आणि उष्णतेने सुटतात आणि केस सुकून गार होताना पुन्हा बांधले जातात. गरम केस तसाच सोडला तर तो घाम आला, दमट हवा लागली की लगेच बसतो. मग माणूस दुसऱ्या दिवशी आणखी गरम हवा मारतो.

ड्रायरची मागची जाळीही काढून बघा. त्यात केस आणि धूळ अडकली की हवा कमी ओढली जाते आणि बाहेर येणारी हवा जास्त तापते. पंधरा दिवसांतून एकदा जुन्या टूथब्रशने साफ केली तरी पुरे.

स्ट्रेटनर फक्त पूर्ण कोरड्या केसांवर. फिरवताना चर्रर्र असा आवाज आला किंवा वाफ दिसली तर लगेच थांबा, आत पाणी आहे. बारीक केसांना १५० अंश सेल्सिअस पुरेसं होतं, जाड केसांनाही १८० च्या वर जायची गरज नसते. एका बटेवरून एकदाच, न थांबता. जेल किंवा स्प्रे लावलेल्या केसांवर तापलेली पट्टी कधीच नको. तुमच्या लांबीला आम्ही स्ट्रेटनर रोज वापरूच नका असं म्हणू. तेच काम ड्रायर आणि गोल ब्रश करतात.

प्रश्न : दोन वर्षं केस वाढवले आहेत. रोज वर घट्ट बुचडा बांधतो. संध्याकाळी सोडला की डोकं ठणकतं. कपाळावरच्या केसांच्या कडेला बारीक पुटकुळ्या येतात. हे गंभीर आहे का?

हो. या अंकातल्या सगळ्या प्रश्नांत आम्हाला सर्वांत तातडीचा वाटला तो तुमचा.

एकाच दिशेने रोज ताण पडला की मुळाभोवती सूज येते. ठणका आणि पुटकुळ्या ही त्याची पहिली पायरी. पुढे कडेचे केस विरळ होतात. या टप्प्यावर ताण काढला तर केस परत येतात, मात्र त्याला काही महिने द्यावे लागतात. तसंच वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळाच्या जागी व्रणाचा धागा तयार होतो आणि त्यातून केस पुन्हा उगवत नाही, कोणतंही औषध लावलं तरी.

आरशात कडा बघा. केसांची रेषा मागे गेली आहे, पण अगदी पुढे बारीक लवेची एक झालर तेवढी उरली आहे असं दिसलं तर ते ताणाने गेलेत. बुचड्याच्या पकडीत ते आखूड केस येत नाहीत, म्हणून वाचतात. पुरुषी टकलात अशी झालर सहसा उरत नाही.

आजपासून घट्ट बुचडा बंद करा. निदान पुटकुळ्या आणि दुखणं पूर्ण जाईपर्यंत केस मोकळे ठेवा किंवा मानेपाशी सैल बांधा. पुढे बांधाल तेव्हा भुवया वर ओढल्या जात नाहीत ना आणि बुचड्याखाली एक बोट सहज जातं ना, एवढं बघा. जागा रोज बदला. साधं रबर नको, कापड गुंडाळलेला जाडसर बँड घ्या. ओले केस बांधू नका. पाणी प्यायलेला केस जास्त ताणला जातो आणि ताणलेल्या अवस्थेत लवकर तुटतो. झोपताना बांधून ठेवू नका. केसांच्या पॅचच्या क्लिपा, जोडकेस आणि घट्ट वेण्या यांनाही हेच लागू आहे.

दोन वर्षांचे केस म्हणजे टोकं दोन वर्षं जुनी. तिथे प्रत्येक धुण्यानंतर कंडिशनर लावा. विंचरताना रुंद दातांचा कंगवा घेऊन टोकापासून सुरुवात करा आणि गुंता सोडवत वर जा. केस सरळ असतील तर थोडे सुकल्यावर विंचरा. कुरळे असतील तर उलट, कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतच गुंता सोडवा, कोरडे ओढलेत तर तुटतील.

प्रश्न : पोमेड (केस बसवायचं चिकट क्रीम) वापरायला लागल्यापासून कपाळावर बारीक पुरळ आणि डोक्यात पांढरा भुगा. कोंड्याचा शॅम्पू रोज लावतो, भुगा थांबत नाही.

भुगा कोंड्याचाच आहे हे आधी ठरवा. एक कण नखावर घ्या, त्यावर पाण्याचा थेंब टाका आणि चोळा. चिकट, बुळबुळीत झाला तर ती जेल किंवा स्प्रेमधल्या पॉलिमरची सुकलेली पापडी आहे. तसाच राहिला, तेलकट-पिवळसर असेल आणि खाजही असेल, तर तो कोंडा.

तुम्ही कोणतं पोमेड वापरता ते लिहिलेलं नाही. डबीवर घटकांत पाणी पहिलं असेल तर ते साध्या शॅम्पूने निघतं. पेट्रोलेटम किंवा मेण पहिलं असेल तर नुसत्या शॅम्पूने निघत नाही, रोजचा थर कालच्या थरावर चढत जातो. ते काढायचं तर पाणी लावण्याआधी कोरड्या केसांत कंडिशनर किंवा थोडं तेल बोटांनी दोन मिनिटं चोळा, म्हणजे मेण सुटं होतं. मग शॅम्पू, धुवा, पुन्हा शॅम्पू. रात्री पोमेडसकट झोपू नका. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

कोंडा निघाला तर २ टक्के केटोकोनॅझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. फेस त्वचेवर तीन ते पाच मिनिटं राहू द्यायचा. लावला आणि लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही, ही सगळ्यांत सामान्य चूक आहे. त्यावर पोमेडचा थर असेल तर औषध त्वचेला लागतच नाही, म्हणून आधी साधा शॅम्पू, मग औषधी. कोंड्यामागे मालासेझिया नावाची बुरशी असते आणि ती तेलातल्या मेदाम्लांवर जगते. तेव्हा कोंडा असेपर्यंत रात्रभर डोक्याला तेल नको.

कपाळावरचं पुरळ पोमेडचं आहे. तेलकट पदार्थ घामाबरोबर उतरून छिद्रं बंद करतो. हरभऱ्याएवढंच पोमेड घ्या, केसांच्या कडेपासून दीड-दोन सेंटिमीटर आत लावा आणि डोकं धुऊन झाल्यावर सर्वांत शेवटी चेहरा धुवा. पुरळ जायला काही आठवडे लागतील. फोडू नका.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. केस कुरळे आहेत. त्याला सलूनमध्ये कायमचे सरळ करून त्याच दिवशी रंगही लावून घ्यायचा आहे. मी आई म्हणून नको म्हणते, तो ऐकत नाही. नक्की काय धोका आहे, ते त्याला दाखवता येईल असं सांगा.

तर हे त्यालाच वाचायला द्या. केस कायमचे सरळ करताना रसायनाने गाभ्यातले गंधकाचे बंध तोडतात आणि सरळ अवस्थेत पुन्हा जोडतात. सगळे परत जुळत नाहीत. टिकाऊ रंग लावताना अल्कली खवले उघडते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड आतलं नैसर्गिक रंगद्रव्य फिकट करतं. दोन्ही एकाच दिवशी केले तर नुकताच कमकुवत झालेला केस पुन्हा उघडला जातो, आणि मुळापासून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरवर केस तुटून पडू शकतात. मध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्यावेत. आमचा सल्ला दोन्हींपैकी एकच निवडण्याचा आहे.

सरळ केलेल्या केसांत महिन्याला एक सेंटिमीटर कुरळं मूळ पुन्हा दिसतं. मग ते सरळ करताना रसायन आधीच्या सरळ भागावर पसरतं. केस सर्वांत जास्त तुटतात ते या दुसऱ्या-तिसऱ्या वेळी.

केराटिन किंवा स्मूदनिंग म्हणून जे करतात त्यातल्या काही द्रवांतून तापलेल्या पट्टीखाली फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. डोळे चुरचुरणं, घसा धरणं ही त्याची खूण. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. फॉर्माल्डिहाइड नाही असं लिहिलेल्या काही द्रवांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. त्यानंतर मूत्रपिंडाला अचानक इजा झालेले रुग्ण वैद्यकीय नोंदींत आहेत. सलूनमध्ये बाटली मागून घटक वाचायचा त्याला पूर्ण हक्क आहे. दाखवत नसतील तर तिथून उठावं.

गडद रंगात किंवा कलपात बहुधा पीपीडी हे रसायन असतं. लावण्याआधी ४८ तास कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघायलाच हवं, आधी दहा वेळा लावलेला असला तरी. ॲलर्जी कोणत्याही वेळी सुरू होऊ शकते. पापण्या, कपाळ आणि कान सुजले, पाणी सुटलं तर तो रंग आयुष्यभरासाठी बंद. त्याने कधी काळा तात्पुरता टॅटू काढून घेतला असेल तर जास्तच जपा. त्यात अनेकदा पीपीडी खूप जास्त असतं आणि ॲलर्जीची सुरुवात तिथूनच होते.

केस सरळ दिसावेत एवढंच त्याला हवं असेल तर आधी कुरळ्या केसांना येणारा कट करून बघू दे. बाजू आखूड, वर लांब. कंडिशनर धुतल्यावर ओल्या केसांतच सुपारीएवढं क्रीम दाबून लावायचं आणि सुकेपर्यंत कंगवा लावायचा नाही. बऱ्याच मुलांना मग सरळ करायची गरज वाटत नाही.

प्रश्न : दर आठवड्याला फेड (खाली जाताना केस आखूड होत जाणारा कट) करून घेतो, मानेवर झिरो मशीन. मानेच्या मागे टणक पुळ्या राहतात.

झिरो मशीन मारणं थांबवा, आजच. अगदी त्वचेलगत कापलेला जाड किंवा कुरळा केस पुन्हा त्वचेत घुसतो आणि त्याभोवती सूज येते. ती वारंवार झाली तर पुळ्यांचे टणक वण होतात, त्या जागेवर केस येत नाहीत आणि मग ते सपाट करणं कठीण जातं. मानेवर किमान एक नंबरचं गार्ड, म्हणजे तीन मिलिमीटर ठेवायला सांगा आणि तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा. ताठ कॉलर टाळा, खाजवू नका. दोन-तीन आठवड्यांत कमी झालं नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. हा त्रास सुरुवातीला मलम आणि गोळ्यांनी आटोक्यात येतो.

मशीनचं पातं आधीच्या गिऱ्हाइकानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसलं का, हे विचारा. गोल, खवलेदार चट्टा आणि त्यात तुटलेले केस दिसले तर तो नायटा असू शकतो. डोक्यावरच्या नायट्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध घ्यावं लागतं.

प्रश्न : रोज दोन तास हेल्मेट घालतो. टक्कल पडेल का?

नाही. केसाचं मूळ वरच्या हवेवर जगत नाही. फक्त ओल्या केसांवर घालू नका, आतला कपडा आठवड्याला धुवा, आणि काढताना पट्टा पूर्ण सोडून सरळ वर उचला. मागेपुढे घासत काढल्याने कडेचे केस तुटतात.

प्रश्न : मिनॉक्सिडिल, केस दाट दाखवणारे फायबर आणि क्ले, तिन्ही वापरतो. क्रम काय असावा?

आधी मिनॉक्सिडिल, कोरड्या त्वचेवर. ड्रॉपर त्वचेला टेकवून लावा, केसांवर ओतलेलं वाया जातं. ते पूर्ण सुकू द्या आणि चार तास डोकं धुऊ नका. सुकल्यावर क्ले, अगदी थोडी, फक्त केसांना. ती बसली की सर्वांत शेवटी फायबर, कारण ते केसांना स्थिर विद्युतभाराने चिकटतं आणि नंतर हात फिरवला तर निघून येतं. ओलसर केसांवर फायबर टाकलंत तर त्याचे गोळे होतात.

रात्री उलटा क्रम : फायबर आणि क्ले शॅम्पूने धुवा, केस कोरडे करा, मग रात्रीचं मिनॉक्सिडिल. झोपण्याआधी दोन तास तरी, नाहीतर ते उशीला लागून चेहऱ्यावर येतं आणि गालावर, कपाळावर लव वाढते. लावून झाल्यावर हात साबणाने धुवा. घरात मांजर असेल तर बाटली, उशी आणि तुमचं डोकं तिच्यापासून लांब ठेवा. मांजरांना मिनॉक्सिडिल अगदी थोडं चाटण्यात आलं तरी ते जीवघेणं ठरू शकतं.